पाण्याखालची माशी

माझा भाचा साउथहॅम्प्टनला नोकरी करतो. मध्यंतरी त्याच्याकडून एक पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. काडेपेटीएवढी एक डबी होती आणि डबीत कापसावर ठेवलेली गव्हाच्या दाण्याएवढी एक वस्तू. डोक्याशी तांबूस चमकणारा मणी, अंगाला तपकिरी पिसाचे वेढे, मागं दोन-चार केसांसारखी शेपटी आणि बारीक गळाचं टोक. मला वाटलं, कानातला डूल असावा. फोन केला तर म्हणाला, "मामू, ती माशी आहे. माशासाठी बांधलेली माशी. आणि तिच्यामुळं मला त्या दिवशी नदीवरून परत यावं लागलं."

हकिकत अशी. दक्षिण इंग्लंडमधल्या एका नदीवर त्यानं एका दिवसाचा परवाना काढला होता. काठावरच्या राखणदारानं त्याची डबी उघडून पाहिली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, की या पाण्यावर वजनाची माशी चालत नाही. इथं फक्त पाण्यावर तरंगणारी माशी. भाचा रागावला नव्हता, बुचकळ्यात पडला होता. "नदी तीच, मासा तोच, गळही एकच. मग वजनाचा गुन्हा कसला?" असं त्यानं मला विचारलं.

मी सावित्रीच्या काठावर वाढलेला माणूस. आमच्या लहानपणी गळाच्या दोरीला शिशाचा तुकडा बांधायचा, हे इतकं उघड होतं की कुणी ते शिकवतही नसे. मासा खाली असतो, आमिष खाली गेलं पाहिजे, म्हणून वजन. त्यात नीती-अनीतीचा प्रश्न कुठून आला? बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्याचा एवढा तरी उपयोग करावा म्हणून मी या प्रश्नाच्या मागं लागलो. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

माशीनं मासा धरण्याची कला जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकानं ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मॅसिडोनियातल्या अस्ट्रेयस नदीची गोष्ट आहे. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर बसणारी एक माशी खातात. ती खरी माशी पकडून गळाला लावावी तर हात लागताच तिचा रंग जातो, पंख मोडतात. म्हणून तिथले लोक गळाला किरमिजी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात. लोकर, पीस आणि गळ. अठराशे वर्षांनंतर भाच्यानं पाठवलेल्या डबीत लोकर नव्हती, बाकी कृती जवळजवळ तीच होती.

आता त्या नद्यांविषयी. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या दगडाच्या टेकड्या आहेत. पावसाचं पाणी त्यांत मुरतं, महिनोन्‌महिने झिरपतं आणि झऱ्यांतून वर येतं. त्यामुळं टेस्ट, इचेन यांसारख्या नद्या बाराही महिने संथ वाहतात आणि त्यांचं पाणी काचेसारखं नितळ असतं. जगात अशा नद्या थोड्या आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्येच. पाणी नितळ असल्यामुळं काठावरच्या माणसाला मासा दिसतो आणि माशालाही माणूस दिसतो. सगळा खेळ तिथून सुरू होतो.

या पाण्यातला ट्राउट मासा ज्या किड्यांवर जगतो त्यांतला एक मेफ्लाय. त्याचं आयुष्य मोठं विलक्षण असतं. अंड्यातून बाहेर पडल्यावर त्याची पिल्लं पाण्याच्या तळाशी, दगडांखाली, शेवाळात महिनोन्‌महिने राहतात. पाण्यातल्या या अवस्थेला निम्फ म्हणतात. ग्रीक भाषेत निम्फ म्हणजे नवरी, तसंच जलदेवताही. वेळ भरली की ती निम्फ पोहत वर येते, पृष्ठभागाशी कात टाकते आणि पंख उघडून उडून जाते. पंखांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं, काही जातींत काही तासांचंच. आपल्याला दिसते ती ही उडणारी माशी. माशाला मात्र पाण्याखालची निम्फ वर्षभर दिसते. त्याच्या अन्नाचा मोठा भाग पाण्याखालीच असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थांचं राज्य होतं. जन्म १८४४ चा, बर्मिंगहॅमच्या एका सधन ज्यू व्यापारी घराण्यातला. घराण्याचं आडनाव हायम. १८७५ मध्ये ते बदलून हॅलफर्ड झालं. १८८६ मध्ये त्यांनी तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर पुस्तक लिहिलं आणि १८८९ मध्ये 'कोरड्या माशी'चं सगळं शास्त्र सांगणारं दुसरं. कोरडी माशी म्हणजे पाण्यावर तरंगणारी. पद्धत अशी, की आधी मासा दिसला पाहिजे, तो वर येऊन खरी माशी टिपत असला पाहिजे, मग हुबेहूब तशीच नकली माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला अलगद टाकायची आणि ती त्याच्यावरून वाहत जाऊ द्यायची. सगळी नदी आंधळेपणानं चाळायची नाही.

या पद्धतीत सौंदर्य आहे हे मी मान्य करतो. संयमही आहे. पण हळूहळू पद्धतीचा नियम झाला, नियमाचा धर्म झाला. कोरडी माशी टाकणारा तो खानदानी. माशी बुडवणारा तो हलका. पुस्तक एका माणसानं लिहिलं, पण त्याच्या ओळीबाहेर जाणाऱ्यावर डोळे वटारायला शेकडो लोक पुढं आले. स्वतः हॅलफर्ड नाव बदलून इंग्रजी समाजात आलेल्या घरातले. तेच शुद्धतेचे सर्वांत मोठे रखवालदार ठरले, यावर इतिहासानं थोडं हसून घेतलं असेल.

याच काळात विंचेस्टरजवळ इचेन नदीवर एक वकील मासे धरायला येत असे. नाव जॉर्ज स्क्यूज. जन्म १८५८ चा, न्यूफाउंडलंडमधला. वकिली लंडनमध्ये, लग्न नाही. १८८३ पासून तो अॅबट्स बार्टन इथल्या पाण्यावर येऊ लागला. त्याची नजर अधू होती. पण त्यानं एक साधी गोष्ट केली, जी चांगल्या डोळ्यांच्या लोकांनी केली नव्हती. मासा धरला की जेवणाच्या टेबलावरचा हाडातला मगज काढायचा लांब चमचा तो माशाच्या घशातून पोटात घालायचा आणि आत काय आहे ते पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून पाहायचा. वर उसळ्या मारणाऱ्या माशाच्या पोटात पंखवाल्या माश्या असायला हव्या होत्या. बशीत पुन्हापुन्हा दिसत होत्या त्या निम्फ. पाण्यावर खळबळ दिसायची, पण मासा खात होता ते पृष्ठभागाच्या खाली.

मग त्यानं निम्फ बांधायला सुरुवात केली. वजन नाही, फक्त थोडी केसाळ लोकर, अगदी आखूड पीस. पृष्ठभागाखाली बोटभर बुडाली की पुरे. १९१० मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं, १९२१ मध्ये दुसरं. हॅलफर्ड १९१४ मध्ये वारले, पण त्यांचे अनुयायी होतेच. वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १० फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फच्या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. कल्पना करा. युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर आणि इथं शिकलेसवरलेले गृहस्थ बुडणाऱ्या माशीवर भाषणं देत आहेत. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात. त्याच्या स्वतःच्या पाण्यावरही, बरोबर वाटा असलेल्या मंडळींशी याच कारणावरून खटके उडत होते. १९३८ चा हंगाम संपला आणि त्यानं ते पाणी सोडलं. पंचावन्न वर्षं ज्या काठावर काढली तो काठ सोडला. दुसऱ्याच वर्षी, १९३९ मध्ये, त्याचं निम्फवरचं पुस्तक आलं. १९४९ मध्ये तो वारला.

त्या पंचावन्न वर्षांपाशी मी थबकलो. त्यानं चोरी केली नव्हती, माशांचा संहार केला नव्हता. माशाच्या पोटात जे दिसलं ते खरं मानलं, एवढंच.

पुढचा माणूस क्लबातला नव्हता. फ्रँक सॉयर, जन्म १९०६. विल्टशर परगण्यात नेदरएव्हन गावी एव्हन नदीचा राखणदार. लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी संघटनेचं ते पाणी आणि सॉयर तिथला नोकर. गाळ काढायचा, झुडपं कापायची, अंडी-पिल्लं जपायची. नदी त्यानं पुस्तकातून नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहून वाचली. त्याचं लेखन पुढं यावं म्हणून म्हाताऱ्या स्क्यूजनंच त्याला हात दिला. १९५८ मध्ये सॉयरचं निम्फवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं.

सॉयरची कृती इतकी सोपी आहे, की नभोवाणीवरूनही सांगता येईल. दोनच वस्तू लागतात. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू आणि केसासारखी बारीक तांब्याची तार. दोरा नाहीच. आधी तारेचेच वेढे देऊन गळावर छातीचा फुगवटा करायचा. मग तंतू मागं बांधून त्यांची टोकं शेपटी म्हणून थोडी बाहेर ठेवायची. उरलेले तंतू तारेबरोबर पिळून पुढं गुंडाळत आणायचे आणि छातीवर दोन-तीनदा पुढं-मागं दुमडायचे. तारेनंच शेवटची गाठ. पाय बांधायचे नाहीत, कारण पोहणारी निम्फ पाय अंगाशी घेते हे सॉयरनं पाहिलं होतं. तारेनं तीन कामं केली. तिनं बांधलं, तिनं रंग दिला आणि तिनं वजन दिलं. स्क्यूजची निम्फ बोटभर बुडत होती, सॉयरची वीतभर आणि त्याहून खाली गेली. खाली गेल्यावर काठीचं टोक जरा उचललं की ती जिवंत असल्यासारखी वर उसळते आणि मासा झडप घालतो.

त्याच गावात राहणाऱ्या ऑलिव्हर काइट या निवृत्त मेजरनं तर कमाल केली. त्यानं पीसही काढून टाकलं. नुसत्या गळावर तांब्याच्या तारेचे चार वेढे, बस. तरीही मासे लागले. वजन आणि हालचाल बरोबर असेल तर पोशाखाची फार गरज नसते, हे त्यानं दाखवून दिलं.

तिसरा अंक मध्य युरोपात घडला. १९८० च्या सुमारास माशीच्या मासेमारीच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. पोलंड आणि तेव्हाचं चेकोस्लोव्हाकिया इथले स्पर्धक नवी रीत घेऊन आले. दोर लांब फेकायची नाही. वेगवान पाण्यात उभं राहून, काठीच्या अगदी जवळ, जड निम्फ तळाशी घरंगळत न्यायची. स्पर्धेचा एक नियम मात्र कडक होता आणि आजही आहे. दोरीला वेगळं वजन बांधायचं नाही. जे वजन असेल ते माशीच्या अंगातच असलं पाहिजे. आमच्या सावित्रीवरचा शिशाचा तुकडा तिथं बाद झाला असता.

या नियमामुळं माशी बांधणाऱ्यांना डोकं लढवावं लागलं. अंगाखाली शिशाची तार दडवून झाली. मग डोक्याशी धातूचा मणी आला. आधी पितळेचा, पुढं टंगस्टनचा. पाण्याच्या तुलनेत शिसं अकरा पटींहून थोडं जास्त जड, तर शुद्ध टंगस्टन एकोणीस पटींहून जास्त. म्हणजे माशी लहानच ठेवून भराभर तळाशी नेता येते. पण तळाशी नेली की गळ दगडांत आणि झाडांच्या मुळांत अडकणार. त्यावर तोडगा म्हणजे जिग गळ. साध्या गळाची दांडी नेढ्यापर्यंत सरळ जाते. जिग गळाची दांडी नेढ्यापाशी वर वाकवलेली असते. या वाकणावर बसावा म्हणून मण्याला एका बाजूनं खाच पाडलेली असते. दोरीची ओढ आणि मण्याचं वजन अशा जागी येतं, की पाण्यात माशी उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. दगडावरून पाठ घासत जाते, टोक अडकत नाही. मासाही बहुधा वरच्या ओठात लागतो. स्पर्धेत गळाला उलटा काटा चालत नाही, त्यामुळं मासा सोडून देताना त्याला फार इजा होत नाही.

भाच्यानं पाठवलेली ती हीच. त्यानं कृतीही लिहून पाठवली. आधी मणी गळात ओवायचा, मग गळ शिकंज्यात पकडायचा. मण्यामागं तारेचे पाच-सहा वेढे घट्ट सरकवायचे, म्हणजे मणी हलत नाही. शेपटीला स्पेनच्या लेओन भागातल्या कोंबड्यांचे ठिपकेदार तंतू. तिथं या पिसांसाठीच कोंबडे पाळतात, मारत नाहीत, वेळोवेळी पिसं काढून घेतात. अंगाला सॉयरचंच फेझंटचं पीस, वरून उलट दिशेनं तांब्याची तार, म्हणजे दातांनी पीस तुटत नाही. मानेशी सशाच्या केसांची चिमूट आणि गाठ. एका माशीत स्पेन, इंग्लंड आणि बोहेमिया एकत्र नांदतात.

या व्यापारात आपलाही वाटा आहे. भारतातल्या गावठी कोंबड्यांच्या मानेची पिसं दीर्घकाळ या बाजारात जात होती. सह्याद्रीतला करडा रानकोंबडा तर त्यापायी जिवावर आला. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चमकदार ठिपके असतात आणि सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजी माश्यांना ती पिसं गालांवर लावत. स्कॉटलंडच्या नदीतला मासा फसावा म्हणून सह्याद्रीत पक्षी मरत होता. आता तो आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सुरक्षित आहे आणि तिकडचे लोक पाळीव पक्ष्यांची पिसं वापरतात.

म्हणजे नियम सगळेच वाईट नसतात. शिशाचंच घ्या. इंग्लंडमधल्या नद्यांवर हंस मरू लागले. त्यांच्या पेषणीत मासेमारांनी टाकलेली शिशाची वजनं सापडली. खडे समजून ती त्यांनी गिळली होती. १९८७ पासून ब्रिटनमध्ये बहुतेक मापांच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. हंस पुन्हा वाढले. आमच्याकडे नदीत सुरुंग लावून किंवा विषारी औषध टाकून मासे मारतात, तेव्हा पिल्लांसकट सगळा डोह मरतो. तिथं नियम हवाच, तोही कडक हवा.

मग नियम खरा की खोटा, हे कसं ओळखायचं? स्क्यूजनंच रीत दाखवली आहे. नियमाच्या पोटात चमचा घालून पाहावं. शिशाच्या बंदीच्या पोटात हंस सापडतो. रानकोंबड्याच्या कायद्याच्या पोटात पक्षी सापडतो. स्पर्धेच्या नियमाच्या पोटात कसब सापडतं, शिवाय तो सगळ्यांना सारखा असतो. पण एका म्हाताऱ्याला पंचावन्न वर्षांच्या काठावरून उठवणाऱ्या नियमाच्या पोटात मला मासाही सापडला नाही, नदीही नाही. तिथं सापडली ती फक्त 'आम्ही' आणि 'ते' अशी एक रेघ. ही रेघ खालीखाली सरकत जाते, हे आणखी गमतीचं. आधी स्क्यूजची निम्फ बाटली होती. ती पचली, तर सॉयरची तार जड वाटली. आज सॉयरची निम्फ अभिजात मानली जाते आणि जिग गळावरची माशी म्हणजे खरी माशीच नव्हे, असं म्हणणारे भेटतात.

ही रेघ मी ओळखतो. तरुणपणी एका संपादकांनी माझी कविता परत केली होती. काही शब्दांखाली लाल खुणा आणि खाली शेरा : 'परके शब्द दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.' मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. 'दुरुस्त' हा शब्द फारसी, 'कागद' फारसीतून आलेला, ज्या शाईनं शेरा लिहिला ती 'शाई'सुद्धा तिकडचीच. संपादक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी पृष्ठभाग पाहिला होता. भाषेच्या पोटात चमचा घालून पाहिलं नव्हतं, एवढंच. मी एकही शब्द बदलला नाही आणि कविता दुसरीकडे छापून आली.

गझल लिहिणारे वृत्ताच्या मापाला 'वजन' म्हणतात. मराठीत आपण एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असं म्हणतो. दोन्हीकडे अट एकच, वजन बाहेरून टांगता येत नाही, ते आतच असावं लागतं. हे मी वर्षानुवर्षं नवोदितांना सांगत आलो. पोलंडच्या नदीत गुडघाभर पाण्यात उभे असलेले लोक हीच अट पाळून माशी बांधत होते, हे मात्र आत्ता कळलं.

त्या इंग्रजी नद्यांची आजची चिंता वेगळीच आहे. पाण्याचा उपसा, शेतातून वाहून येणारी माती आणि खतं, सांडपाणी, यांमुळं मेफ्लायच कमी होत चालले आहेत. ज्या किड्याच्या नकलेवरून एवढं भांडण झालं तो किडाच उरला नाही, तर कोरडी माशी काय आणि जड माशी काय. सॉयरनं आयुष्यभर आधी गाळ उपसला, मग निम्फ बांधली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

भाच्याला मी एवढंच कळवलं : राखणदाराशी भांडू नकोस. पाणी त्यांचं आहे, त्यांचा नियम तिथं पाळ. पण नदी स्वच्छ करायला त्यांना कधी माणसं लागली, तर जा. गुडघाभर पाण्यात बरोबर उभं राहिल्यावर तुझ्या डबीत कुठली माशी आहे, हे बहुधा कुणी विचारणार नाही.

त्याचं उत्तर आलं आहे. येत्या हंगामाआधी तिथं गाळ काढायचं काम आहे. त्यानं नाव दिलं आहे.